पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू होत नाही, फोन संगणकाला दिसत नाही: यूएसबीतील दोष शोधण्याची पद्धत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित पाठबळ थांबवले आणि घरांत, शाळांत व छोट्या कार्यालयांत अजून उत्तम चालणाऱ्या अनेक संगणकांवर नवी प्रणाली बसवण्याची वेळ आली. हे काम हाती घेणाऱ्याला सहसा दोन टप्पे पार करावे लागतात. आधी फोनमधील आणि संगणकातील महत्त्वाच्या फाइली सुरक्षित जागी हलवायच्या आणि मग पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून विंडोज ११ किंवा लिनक्स बसवायचे. दोन्ही टप्पे यूएसबीवर अवलंबून आहेत आणि दोन्ही ठिकाणी घोटाळा होतो तो बहुधा एकाच गैरसमजामुळे. फोनचे चार्जिंग सुरू झाले किंवा पेन ड्राइव्हचा दिवा लागला म्हणजे जोडणी झाली, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यावरून फक्त वीज पोहोचली एवढेच कळते.

वीज पोहोचल्यानंतर माहिती वाहून नेणाऱ्या तारा जुळाव्या लागतात, त्या तारांवरून संगणकाने समोरच्या उपकरणाची विचारपूस करून त्याला ओळखावे लागते, ते उपकरण साठवणीची डिस्क म्हणून आले आहे, कॅमेरा म्हणून की मोडेम म्हणून हे ठरावे लागते आणि शेवटी दोन्ही बाजूंची परवानगी मिळावी लागते. दोष शोधतानाही याच क्रमाने जावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम) पुन्हा बसवणे, फोन फॅक्टरी रीसेट करणे किंवा बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, दिसेल तो पर्याय उलटा करणे हे उपाय बरेच जण सर्वात आधी करतात. खरे तर ते सर्वात शेवटचे आहेत, आणि फोन रीसेट करणे तर या कामासाठी जवळजवळ कधीच लागत नाही.

केबल, पोर्ट आणि संगणकाचे पहिले उत्तर

साध्या यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात. त्यांपैकी दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. पॉवर बँक, इअरफोन किंवा ट्रिमर यांच्याबरोबर मिळणाऱ्या काही स्वस्त केबलींत माहितीच्या तारा टाकलेल्याच नसतात. अशी केबल बाहेरून ओळखता येत नाही आणि तिच्यावर फोन व्यवस्थित चार्जही होतो. त्यामुळे ज्या केबलने याआधी फाइली नक्की गेल्या आहेत, अशी केबल वापरून पाहणे ही पहिली चाचणी आहे. केबल चांगली निघाली, तर पोर्ट बदलावे. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आत एका वेगळ्या तारेने मदरबोर्डला जोडलेले असतात आणि ती जोडणी सैल असणे अगदी सामान्य आहे, म्हणून मागच्या बाजूचे थेट पोर्ट घ्यावे आणि हब, एक्स्टेन्शन केबल, मॉनिटरवरील पोर्ट असे सगळे मधले दुवे तात्पुरते काढून टाकावेत. विजेचाही हिशेब ध्यानात ठेवावा: यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलीअँपिअर आणि यूएसबी ३.० पोर्टने ९०० मिलीअँपिअर द्यावेत असे मानक आहे. पेन ड्राइव्हला हे भरपूर होते, पण फिरत्या तबकड्यांची बाहेरची हार्ड डिस्क एकाच हबवर इतर उपकरणांबरोबर लावली, तर ती टिकटिक करत पुन्हा पुन्हा बंद पडू शकते.

फोनचे पोर्ट हा आणखी एक दुर्लक्षित भाग. खिशातील कापसाची लव हळूहळू आत दाबली जाते आणि मग प्लग पूर्ण आत शिरत नाही. विजेच्या खुणा टेकतात, माहितीच्या टेकत नाहीत. फोन बंद करून कोरड्या लाकडी टोकदार काडीने ही लव अलगद काढावी. टाचणी वापरू नये. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, पोर्टमध्ये ओलावा असल्याची सूचना देऊन फोन केबल नाकारतो, तेव्हा पोर्ट खालच्या दिशेला ठेवून हवेशीर जागी फोन वाळू द्यावा. तांदळाच्या डब्यात फोन ठेवण्याचा घरगुती उपाय टाळावा, कारण तांदळाचे बारीक कण पोर्टमध्ये जाऊन नुकसान करू शकतात, असे खुद्द अ‍ॅपलनेच आपल्या सूचनांत म्हटले आहे.

आता विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची यादी, उघडून ठेवावा आणि केबल जोडताना यादीकडे पाहावे. यादी जराही हलली नाही, तर संगणकाला काही जोडले गेल्याचे कळलेलेच नाही. दोष केबल किंवा पोर्टचा आहे आणि सॉफ्टवेअरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. यादीत ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आणि त्यापुढे ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असे आले, म्हणजे सोबत कोड ४३ दिसला, तर विचारपूस सुरू झाली पण उत्तर नीट आले नाही, असा त्याचा अर्थ. आणि उपकरणाचे नाव बरोबर आले, पण फाइली दिसत नाहीत, तर तारांचे काम झाले आहे. प्रश्न भूमिकेचा किंवा परवानगीचा उरला आहे. पुढचे सारे उपाय या तीन उत्तरांपैकी कोणते मिळाले यावर ठरतात, म्हणून हे पाहण्याचा कंटाळा करू नये. लिनक्स वापरणाऱ्यांना हेच उत्तर कर्नलच्या संदेशांत आणि मॅक वापरणाऱ्यांना सिस्टिम इन्फर्मेशनमधील यूएसबीच्या यादीत मिळते.

कोड ४३ आला असता उपकरण काढावे, संगणक पूर्ण बंद करावा, डेस्कटॉप असल्यास भिंतीवरील बटणही काही मिनिटे बंद ठेवावे आणि मग पुन्हा जोडून पाहावे, कारण यूएसबीचा नियंत्रक अडकला असेल, तर वीज पूर्ण गेल्याशिवाय तो मोकळा होत नाही. तरीही तीच सूचना आली, तर डिव्हाइस मॅनेजरमधून ती नोंद अनइन्स्टॉल करून उपकरण पुन्हा जोडावे. पॉवर ऑप्शन्समधील ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करण्याचा उपयोग प्रामुख्याने लॅपटॉपवर, आणि तोही उपकरण काही वेळ चालून मग गायब होत असेल तरच होतो. वेगवेगळ्या संगणकांवर एकाच उपकरणाला कोड ४३ येत असेल, तर ते उपकरणच बिघडले आहे.

अँड्रॉइड फोन जोडताना

अँड्रॉइड ६ पासून फोन संगणकाला जोडला की तो आपणहून फक्त चार्जिंगच्या स्थितीत जातो. हे सुरक्षेसाठी केलेले आहे. सार्वजनिक ठिकाणच्या पोर्टला फोन लावला, तरी आतली माहिती उघडी पडू नये, हा हेतू. त्यामुळे फोनचे लॉक उघडावे, वरून सूचनांचा पडदा खाली ओढावा, ‘चार्जिंग धिस डिव्हाइस व्हाया यूएसबी’ अशा अर्थाच्या सूचनेवर बोट ठेवावे आणि ‘फाइल ट्रान्सफर’ हा पर्याय निवडावा. लॉक न उघडता फोन जोडला, तर संगणकावर फोनचे नाव दिसते, पण आतले फोल्डर रिकामे दिसते, आणि ‘फोनमधले सगळे उडाले’ अशी धास्ती बसते. ही निवड दर वेळी करायची नसेल, तर सेटिंग्जमधील अबाउट फोन या भागात बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडता येतात आणि तिथे ‘डिफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन’ बदलता येते. मात्र फोन परक्या संगणकाला लावण्याची सवय असेल, तर हा बदल करू नये, असे माझे मत आहे.

फाइल ट्रान्सफर निवडल्यावरही पेन ड्राइव्हसारखे ड्राइव्हचे अक्षर दिसत नाही, याचे कारण समजून घेतले तर पुढच्या बऱ्याच अडचणी आपोआप उलगडतात. फार जुने अँड्रॉइड फोन आपली साठवण थेट डिस्क म्हणून संगणकाच्या स्वाधीन करत. तेवढा वेळ फोनला स्वतःला ती वापरता येत नसे. आताचे फोन एमटीपी नावाची पद्धत वापरतात. पूर्वी कोठाराची किल्लीच गिऱ्हाइकाच्या हाती दिली जाई. आता फोन गल्ल्यावर बसून मागितलेली वस्तू आतून आणून देतो. त्यामुळे फोन आणि संगणक दोघांनाही साठवण एकाच वेळी वापरता येते, पण फोनमधील फाइल जागच्या जागी उघडून संपादित करणे, अनेक कामे एकदम चालवणे किंवा बिघडलेल्या साठवणीतून पुसलेल्या फाइली परत मिळवणारी संगणकावरील साधने वापरणे जमत नाही. फाइल आधी संगणकावर कॉपी करून घ्यावी आणि मगच उघडावी.

हजारो फोटो एकदम निवडले, तर एमटीपी अर्ध्यावर थबकते. म्हणून महिन्यामहिन्याचे किंवा काहीशे फाइलींचे गट करून कॉपी करावे, तेवढा वेळ फोनचा पडदा जागा ठेवावा, आणि ‘कट’ कधीही करू नये. कॉपी करावी, संगणकावर काही फाइली उघडून पाहाव्यात आणि मग फोनमधून काढाव्यात. बऱ्याच जणांना कॅमेऱ्याचे फोटो मिळतात, पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो सापडत नाहीत. कॅमेऱ्याचे फोटो ‘डीसीआयएम’ फोल्डरमध्ये असतात, तर नव्या अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचे फोल्डर ‘अँड्रॉइड’, त्यात ‘मीडिया’, त्यात ‘कॉम.व्हॉट्सअ‍ॅप’ अशा वाटेने गेल्यावर लागते.

पर्याय निवडूनही विंडोज फोन उघडत नसेल, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये फोनच्या नावापुढे पिवळे चिन्ह असेल, तर ड्रायव्हर चुकीचा लागला आहे. त्या नोंदीवर ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडून, संगणकावरच शोधण्याचा पर्याय घेऊन, उपलब्ध यादीतून ‘एमटीपी यूएसबी डिव्हाइस’ हाताने निवडावे. मायक्रोसॉफ्टचा हा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो. तो कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावरून उतरवू नये. याला अपवाद आहे तो विंडोजच्या ‘एन’ आवृत्तीचा. युरोपीय बाजारासाठी काढलेल्या या आवृत्तीत मीडियाचे घटक वगळलेले असल्यामुळे एमटीपी चालत नाही, आणि ‘मीडिया फीचर पॅक’ बसवल्यावरच फोन दिसतो. युरोपात शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींच्या लॅपटॉपवर ही आवृत्ती असण्याची शक्यता अधिक. मॅकवर एमटीपीची सोय मुळातच नाही, तिथे ओपनएमटीपीसारखे मोफत अ‍ॅप घ्यावे लागते. कार्यालयाने दिलेला फोन किंवा लॅपटॉप असेल, तर यूएसबीवरून फाइली हलवणे व्यवस्थापकांनीच बंद केलेले असू शकते. त्यावर घरी उपाय शोधत बसू नये.

आयफोन

आयफोनच्या बाबतीत प्रश्न बहुतेक वेळा परवानगीचा असतो. फोन जोडल्यावर ‘ट्रस्ट धिस कॉम्प्युटर’ असे विचारले जाते आणि तिथे संमती देऊन फोनचा पासकोड टाकावा लागतो. घाईत ‘डोन्ट ट्रस्ट’ दाबले गेले असेल, तर सेटिंग्जमधील जनरल, ट्रान्सफर ऑर रीसेट, रीसेट या वाटेने ‘रीसेट लोकेशन अँड प्रायव्हसी’ केल्यावर हा प्रश्न पुन्हा विचारला जातो. यात फोटो किंवा संदेश पुसले जात नाहीत. शिवाय आयओएस ११.४.१ पासून, फोन तासाभराहून अधिक वेळ लॉक राहिल्यास यूएसबीवरील माहितीची वाट बंद होते, म्हणून जोडण्याआधी लॉक उघडावे. विंडोजवर अ‍ॅपल डिव्हाइसेस हे अ‍ॅप किंवा आयट्यून्स बसवले की आवश्यक ड्रायव्हर येतात. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून हे काम फाइंडरकडे आहे.

फोटो विंडोजवर कॉपी होताना मध्येच ‘अ डिव्हाइस अटॅच्ड टू द सिस्टिम इज नॉट फंक्शनिंग’ अशी सूचना आली, तर केबल फेकून देण्याची घाई करू नये. आयफोन जाता जाता प्रत्येक फोटोचे रूपांतर करतो, आणि ते बंद करण्यासाठी फोटोंच्या सेटिंग्जमध्ये ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’ खाली ‘कीप ओरिजिनल्स’ निवडले की बहुधा काम होते. आयक्लाउडमध्ये ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ चालू असेल, तर बरेच मूळ फोटो फोनमध्ये नसू शकतात, आणि ते केबलने मिळणार नाहीत. वेगाबद्दलही एक सांगायला हवे: आयफोन १५ ला यूएसबी-सी पोर्ट आले, तरी त्याचा वेग यूएसबी २.० चाच, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट, आहे. १५ प्रोमध्ये सेकंदाला १० गिगाबिटची सोय आहे, पण खोक्यातली केबल यूएसबी २.० चीच मिळते.

पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करताना

बायोसला हात लावण्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी सोय, चालू आहे का, ते पाहावे. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की हे अनेकदा आपोआप चालू झालेले असते आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. सिक्युअर बूटसारखी (मान्य स्वाक्षरी असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी) सेटिंग बदलली, तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी. की नसेल, तर हार्ड डिस्कमधील माहिती मिळवण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. कोणी दुकानदार तसे आश्वासन देत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आयएसओ फाइल, म्हणजे पूर्ण प्रणाली एकाच फाइलीत बांधलेली प्रत, पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी केली, तर त्यावरून संगणक सुरू होत नाही. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल आणि किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह हा सर्वात बिनधोक मार्ग आहे. विंडोज आणि लिनक्स दोन्हींसाठी रूफस चालते. लिनक्ससाठी बलेना एचर सोपे पडते. व्हेंटॉय वेगळ्या पद्धतीचे आहे: ते एकदा पेन ड्राइव्हवर बसवले की मग आयएसओ फाइली खरोखरच नुसत्या कॉपी करायच्या आणि संगणक सुरू करताना यादीतून हवी ती निवडायची. ज्यांना वारंवार वेगवेगळ्या प्रणाली लागतात, त्यांना व्हेंटॉय फार सोयीचे आहे. एकदाच विंडोज बसवायचे असेल, तर मात्र त्याच्या वाटेला न गेलेले बरे, कारण सिक्युअर बूट चालू असताना त्याची एक किल्ली संगणकात नोंदवण्याचा जादा टप्पा येतो. यांतले कोणतेही साधन पेन ड्राइव्हवरील जुनी माहिती पुसून टाकते.

उतरवलेली आयएसओ फाइल धड आहे का, हे तिची एसएचए-२५६ संख्या, म्हणजे फाइलीतील मजकुरावरून काढलेली ओळखखूण, अधिकृत पानावरील संख्येशी ताडून पाहावे. पेन ड्राइव्हही संशयितांच्या यादीत असू द्यावा. बाजारात ६४ किंवा १२८ जीबी असे छापलेले, पण आत त्याहून फारच कमी जागा असलेले बनावट पेन ड्राइव्ह मिळतात. त्यांवर सुरुवातीचा भाग नीट लिहिला जातो, म्हणून संगणक सुरूही होतो, आणि प्रणाली बसवणे अर्ध्यात आल्यावर फाइली मिळत नसल्याची सूचना येते. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफथ्री हे प्रोग्रॅम पूर्ण जागा लिहून वाचून खरी क्षमता सांगतात.

यापुढचे शोधकार्य सुरू करण्याआधी एक अदलाबदल करावी. तोच पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर सुरू होतो का, आणि दुसरा चालणारा पेन ड्राइव्ह या संगणकावर सुरू होतो का, ते पाहावे. या दोन उत्तरांवरून दोष पेन ड्राइव्हकडे आहे की संगणकाकडे, हे निश्चित होते, आणि एरवी यातच अर्धा दिवस जातो.

संगणक सुरू होताना बूट मेन्यू, म्हणजे कशावरून सुरू व्हायचे ते निवडण्याची यादी, उघडण्याची कळ कंपनीगणिक वेगळी असते. डेल आणि लेनोव्होच्या थिंकपॅडवर एफ१२, एचपीवर आधी एस्केप आणि मग एफ९, एसूसच्या लॅपटॉपवर एस्केप तर मदरबोर्डवर एफ८, एमएसआय आणि एएसरॉकच्या मदरबोर्डवर एफ११, गिगाबाइटवर एफ१२. लेनोव्होच्या अनेक आयडियापॅडवर बाजूला नोव्हो नावाचे छोटे बटण किंवा टाचणीने दाबायचे छिद्र असते. एसरवर एफ१२ ची सोय काही वेळा बायोसमधून आधी चालू करावी लागते, आणि सिक्युअर बूटची सेटिंग बदलण्यासाठी तिथे सुपरवायझर पासवर्ड ठेवावा लागतो. काम झाल्यावर तो पासवर्ड काढून टाकावा, कारण विसरल्यास मोठीच पंचाईत होते.

कळ दाबूनही मेन्यू येत नसेल, तर दोष बोटांचा नसून फास्ट स्टार्टअपचा असू शकतो. ही सोय चालू असली, की विंडोज ‘शट डाउन’ केल्यावर पूर्ण बंद होत नाही. ते स्वतःचा काही भाग डिस्कवर साठवून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच उठते. ‘रीस्टार्ट’ मात्र पूर्ण असते. म्हणून शिफ्ट कळ दाबून धरून रीस्टार्ट निवडावे आणि येणाऱ्या निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ मधून पेन ड्राइव्ह निवडावा. यात कळा दाबण्याची शर्यत टळते. बायोसमध्येही फास्ट बूट नावाचा वेगळा पर्याय असतो. तो चालू असेल, तर संगणक सुरुवातीला यूएसबी तपासण्याचे काम गाळू शकतो, त्यामुळे तो तात्पुरता बंद करावा.

मेन्यू आला, पण पेन ड्राइव्ह त्यात नाही, अशी तक्रार सर्वाधिक असते. नवे संगणक जुन्या बायोसची जागा घेतलेल्या यूईएफआय पद्धतीने सुरू होतात आणि ही पद्धत पेन ड्राइव्हवरील फॅट३२ या रचनेच्या विभागात ‘ईएफआय’ फोल्डर, त्यात ‘बूट’ फोल्डर आणि त्यात ‘बूटएक्स६४’ नावाची ईएफआय फाइल शोधते. ती सापडली नाही, तर पेन ड्राइव्ह नसल्यातच जमा. फॅट३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, आणि विंडोजच्या आयएसओतील मुख्य ‘इन्स्टॉल’ फाइल त्याहून मोठी असते. यावर रूफस मोठा विभाग एनटीएफएस या दुसऱ्या रचनेत ठेवून सोबत एक अगदी छोटा विभाग तयार करते आणि तिथून पुढचा भाग सुरू करून देते, तर मीडिया क्रिएशन टूल मुख्य फाइल अधिक दाबून ४ जीबीच्या आत बसवते. ज्याने हाताने फॉरमॅट करून फाइली कॉपी केल्या, तो मात्र नेमका इथे अडकतो. रूफसमध्ये नव्या संगणकासाठी ‘जीपीटी’ (डिस्कचे विभाग नोंदवण्याची नवी पद्धत) आणि ‘यूईएफआय’ निवडावे. फार जुन्या, केवळ बायोस असलेल्या संगणकासाठी ‘एमबीआर’ ही जुनी पद्धत निवडावी.

कित्येकदा तोच पेन ड्राइव्ह मेन्यूत दोनदा दिसतो, एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लिहून आणि एकदा त्याशिवाय. इथे चुकीची ओळ निवडली की संगणक सुरू होतो, पण पुढे ‘या डिस्कवर विंडोज बसवता येत नाही, डिस्क एमबीआर पद्धतीची आहे’ किंवा ‘जीपीटी पद्धतीची आहे’ अशी सूचना येते. तिथे घाबरून डिस्कचे विभाग पुसू नयेत. परत मेन्यूत जाऊन दुसरी ओळ निवडावी. आधीचे विंडोज कोणत्या पद्धतीने बसवलेले होते, हे सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’ या ओळीत मिळते.

सिक्युअर बूटमुळे अडले असेल, तर सूचना सहसा स्पष्ट असते: ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ किंवा स्वाक्षरी अमान्य असल्याचा लाल चौकोन. ऑगस्ट २०२४ मधील एका विंडोज अपडेटनंतर जुन्या लिनक्स पेन ड्राइव्हांवर ही सूचना येऊ लागली, कारण त्या अपडेटने लिनक्सच्या सुरुवातीच्या घटकाच्या जुन्या, असुरक्षित आवृत्त्या नाकारण्याचा नियम संगणकात नोंदवला. अशा वेळी सिक्युअर बूट कायमचे बंद करण्यापेक्षा त्याच लिनक्सची नवी आयएसओ फाइल घ्यावी. उबुंटू, फेडोरा आणि डेबियन हे सिक्युअर बूट चालू ठेवूनही सुरू होतात. तात्पुरते बंद करावेच लागले, तर काम संपल्यावर ते पुन्हा चालू करावे.

पेन ड्राइव्हवरून विंडोजची स्थापना सुरू झाली, पण डिस्कच दिसत नाही, हा प्रकार इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर वरचेवर होतो. तिथे डिस्क इंटेलच्या व्हीएमडी या डिस्क हाताळणाऱ्या व्यवस्थेमागे असते आणि विंडोजच्या स्थापना-फाइलींत तिचा ड्रायव्हर असेलच असे नाही. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून ‘इंटेल रॅपिड स्टोरेज’चा ड्रायव्हर उतरवून, उलगडून, पेन ड्राइव्हवर ठेवावा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने तो द्यावा. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते. मात्र आधीचे विंडोज ठेवायचे असेल, तर असे करू नये, कारण ते त्या व्यवस्थेनुसार बसलेले असते आणि मग निळ्या पडद्यावर थांबते. लिनक्स सुरू होताना पडदा काळा पडत असेल, तर तो दोष यूएसबीचा नसून बहुधा ग्राफिक्सचा असतो. उबुंटूच्या पहिल्या मेन्यूत ‘सेफ ग्राफिक्स’ निवडून पाहावे.

फोनवरूनच संगणक सुरू करता येईल का

फोनच्या मेमरीत आयएसओ फाइल ठेवून, फोन केबलने जोडून संगणक सुरू करण्याचा प्रयत्न अनेक जण करतात. तो सफल होत नाही. वर सांगितल्याप्रमाणे फोन एमटीपीच्या भूमिकेत समोर येतो, आणि सुरुवातीच्या टप्प्यातील यूईएफआयला फक्त डिस्क कळते, एमटीपी कळत नाही. रूट केलेल्या, म्हणजे प्रणालीची बंधने काढून पूर्ण ताबा घेतलेल्या, फोनला डिस्कची भूमिका घ्यायला लावणारे ड्राइव्हड्रॉइडसारखे अ‍ॅप होते, पण एवढ्यासाठी फोन रूट करून बँकेचे अ‍ॅप गमावणे परवडणारे नाही.

मात्र घरातला एकुलता एक संगणक बंद पडला आहे आणि पेन ड्राइव्ह तयार करायला दुसरा संगणक नाही, अशा वेळी फोन खरोखर उपयोगी पडतो. फोनला यूएसबी उपकरणे जोडण्यासाठीच्या ओटीजी अ‍ॅडॅप्टरने पेन ड्राइव्ह फोनला जोडावा, लिनक्सची आयएसओ फाइल फोनवर उतरवून घ्यावी आणि एचड्रॉइड या मोफत अ‍ॅपने ती पेन ड्राइव्हवर लिहावी. यासाठी फोन रूट करावा लागत नाही. लिहिणे चालू असताना पेन ड्राइव्हला वीज फोनची बॅटरीच पुरवते, म्हणून ती आधी पुरेशी भरून घ्यावी आणि काम संपल्याची सूचना येईपर्यंत जोडणीला धक्का लागू देऊ नये. त्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स न बसवता नुसते चालवता येते आणि बंद पडलेल्या विंडोजच्या डिस्कमधील फाइली बाहेरच्या डिस्कवर काढून घेता येतात. डिस्क बिटलॉकरने बंद असेल, तर तिथेही तीच ४८ अंकी की लागते.

असा पेन ड्राइव्ह नंतर विंडोजमध्ये लावल्यास तो अगदी छोटा दिसतो किंवा फॉरमॅट करा असे विचारले जाते. तो खराब झालेला नसतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये, पेन ड्राइव्हचीच डिस्क निवडली आहे याची तिच्या आकारावरून खात्री करून, त्यावरील सगळे विभाग काढावेत आणि पूर्ण जागेचा एकच नवा विभाग एक्सफॅटमध्ये तयार करावा. ते जमले नाही, तर रूफसमध्ये ‘नॉन बूटेबल’ निवडून पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला, तरी मूळ जागा परत मिळते.